आत्याची डावी टाच

मी सुरकुत्यांवर पोट भरते. माझ्या नव्हे, दुसऱ्यांच्या. कॉम्प्युटरवर बनवलेले प्राणी, माणसं, झाडं, दगड जन्माला येतात तेव्हा साबणाच्या नव्या वडीसारखे गुळगुळीत असतात. आकार सगळा असतो, पण अंगावर एक रेघ नाही. त्यांना कातडी चढवायचं काम माझं. त्यासाठी एक सपाट चित्र तयार करायचं आणि उशीला अभ्रा घालतात तसं ते त्या आकारावर चढवायचं. एक चित्र रंगाचं, एक खोलीचं. खोलीच्या चित्रात काळं म्हणजे खड्डा आणि पांढरं म्हणजे उंचवटा, एवढं कॉम्प्युटरला कळतं. बाकी त्याला काही कळत नाही, आणि आमच्या ऑफिसात तो एकटाच तसा नाही.

या धंद्याने माझी नजर पार बिघडली आहे. कोणी नवीन भेटलं की मी नाव विसरते, पण नाकावरची रंध्रं लक्षात राहतात. बसमध्ये पुढच्या माणसाच्या मानेवरच्या घड्या मोजता मोजता माझा स्टॉप दोनदा मागे गेलाय. आत्या शेजारणीला कौतुकाने सांगते, "आमची कॉम्प्युटरवर रंगकाम करते," आणि शेजारीण लगेच विचारते, "मग आमच्या दाराला मारेल का एक हात?"

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. मी सात वर्षांची होते तेव्हापासून तिच्याकडेच वाढले. तिने एका लॉन्ड्रीत बत्तीस वर्षं साबणाच्या पाण्यात, ओल्या फरशीवर उभं राहून लोकांच्या चादरी धुतल्या आणि इस्त्र्या केल्या. हात तिने मलम चोळून कसेबसे वाचवले. पायांकडे बघायला सवड झाली नाही. त्यामुळे तिच्या टाचांवर अशा भेगा आहेत की त्यात हरवलेलं नाणं सापडावं. तिला त्यांची इतकी लाज की कोणी फोटो काढायला लागलं की ती आधी बजावते, "कमरेपर्यंतच घे हं." आमच्या घरातल्या एकूण एक फोटोंत आत्या अर्धी आहे. एका फोटोत तर ती कुंडीमागे उभी आहे आणि झाडाला डोकं फुटल्यासारखं दिसतंय.

तर गेंडा.

आमच्या सिनेमात एक म्हातारा गेंडा आहे. त्याच्या पाठीवरून एक पक्षी वीस सेकंद चालत जातो आणि तेवढा वेळ पडद्यावर दुसरं काही नाही, नुसती कातडी. ही वीस सेकंदं मला मिळावीत म्हणून मी तीन वर्षं दगड केले होते. दगड, विटा, पुन्हा दगड. दगडांना कोणी टाळ्या वाजवत नाही. पहिल्यांदा माझ्या हाती जिवंत काहीतरी आलं होतं आणि ते मी सहा वेळा बिघडवून दाखवलं होतं.

आमच्या दिग्दर्शिकाबाईंना आम्ही त्यांच्या पाठीमागे भिंग म्हणतो, कारण त्या स्क्रीनला नाक टेकवून बघतात आणि जाताना तिथे नाकाचा ठसा ठेवून जातात. मंगळवारी त्यांनी माझा सहावा गेंडा बघितला आणि म्हणाल्या, "हा गेंडा नाही. हा सोफा आहे. चांगला सोफा आहे, मी घेईन घरी. पण शुक्रवारी मला गेंडा हवाय. नाहीतर हे काम मी चकचकीतकडे देते आणि तू परत दगडांवर."

चकचकीत म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी. त्याचा हात ज्याला लागेल ते चमकतं. गाड्या, हेल्मेटं, थेंब यांत त्याला तोड नाही, पण एकदा त्याने माती केली होती तीही पॉलिश केल्यासारखी. तो खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाला, "तू काळजी करू नकोस. मी त्याला मस्त ओलसर करतो." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तुम्ही म्हणाल, खऱ्या गेंड्याचे फोटो काढायचे की. काढले होते. प्राणिसंग्रहालयात सकाळपासून दुपारपर्यंत उभी होते. गेंडा चाळीस पावलांवर, चिखलात, माझ्याकडे पाठ करून. पाच तासांत त्याने एकदा कान हलवला, तोही दुसरीकडचा.

बुधवारी डोकं चालेना म्हणून मी घरूनच काम करत होते. दुपारी आत्या आरामखुर्चीत झोपली होती, पाय स्टुलावर, तोंड उघडं. खिडकीतून ऊन तिरकं येत होतं आणि बरोबर तिच्या टाचांवर पडलं होतं. तिरक्या उजेडात कुठलाही पृष्ठभाग खरं बोलतो, ही आमच्या धंद्यातली पहिली शिकवण. मी चहाचा कप घेऊन जात होते ती जागच्या जागी थबकले. मोठ्या भेगा, त्यांना फुटलेल्या छोट्या भेगा, कडेला जाड झालेले कंगोरे, मध्येच मऊ राहिलेली एखादी जागा. माझा अख्खा गेंडा स्टुलावर घोरत होता!

मी कॅमेरा आणला, गुडघ्यांवर बसले आणि एकतीस फोटो काढले. बत्तिसाव्याला आत्या जागी झाली.

"काय करतेयस गं माझ्या पायाशी?"

"मुंगी होती."

"मुंगीचा फोटो काढतात?"

"मोठी होती."

आत्याने पाय खुर्चीखाली घेतले. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मला पाठ दिसत होती, पक्षी दिसत होता, आत्या दिसत नव्हती.

गुरुवारभर मी जेवणसुद्धा टेबलावरच उरकलं. डाव्या टाचेचा एकच फोटो हवा तसा स्वच्छ आला होता, बिस्किटाएवढ्या जागेचा. तेवढ्याने गेंडा कसा झाकणार? तर फरशी बसवतात तसा तोच तुकडा एकाशेजारी एक लावत जायचा आणि सांधे पुसून टाकायचे. सांधे मी इतके बेमालूम पुसले की स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली. संध्याकाळी चकचकीतने मागून डोकावून बघितलं आणि मुकाट आपल्या हेल्मेटांकडे परत गेला.

शुक्रवारी सकाळी सगळे जमले. मोठ्या स्क्रीनवर गेंड्याचा खांदा आला आणि भिंगबाईंनी नाक पुढे नेलं. "अगं बाई," त्या म्हणाल्या. "हा जगलाय! याने उन्हं बघितलीत! कुठे मिळाली तुला ही कातडी?" मी खाली बघून लाजले. दगड गेले, विटा गेल्या, असं मनात म्हणत होते तेवढ्यात त्या म्हणाल्या, "जरा लांबून दाखव."

लांबून दाखवलं.

"हे काय आहे?"

आत्याच्या डाव्या टाचेवर एक बेचकीच्या आकाराची खोल भेग आहे. मी ती लहानपणापासून बघत आले आहे. रोज दिसणारी गोष्ट माणसाला दिसत नाही, म्हणून त्या तुकड्यात ती आहे हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आता ती गेंड्याच्या अंगावर मानेपासून शेपटीपर्यंत ओळीने, सारख्या अंतरावर, एकाच दिशेला तोंड करून उभी होती.

"गेंड्यावर शिक्के कोणी मारले?" भिंगबाईंनी विचारलं.

चकचकीत उठून स्क्रीनजवळ गेला आणि बोटाने मोजू लागला. "एका बाजूला त्रेपन्न," तो म्हणाला. "दुसरी बाजू फिरवा, तीही सांगतो."

हसून हसून लोकांच्या डोळ्यांना पाणी आलं. भिंगबाई मात्र हसल्या नाहीत. "कातडी सोन्यासारखी आहे," त्या म्हणाल्या. "पण तुकडा एकच आहे. जिथून आणलास तिथून अजून आण. सोमवार सकाळपर्यंत. आणशीलच ना?"

"आणते," मी म्हणाले. "माझ्या घरातलीच आहे."

ती कातडी कोणाची, हे ऑफिसात कोणाला कळलं नाही, ते बरंच झालं.

घरी आले तर न्हाणीघराचं दार उघडं. आत्या पाटावर बसलेली, पुढ्यात गरम पाण्याची बादली, दोन्ही पाय आत, आणि हातात वजरी. शेजारी मलमाची नवी डबी. उजवा पाय तिने बाहेर काढला आणि मी बघितलं. गुलाबी! लहान बाळासारखा. त्याच्यावर आता फार तर एखादा साबण करता आला असता. आणि तिने वजरी डाव्या टाचेला लावली.

"थांब!" मी इतक्या जोरात ओरडले की वजरी बादलीत पडली. "आत्या, हात लावू नकोस! ती माझी आहे!"

"टाच? तुझी?"

मग मला सगळं सांगावं लागलं. मुंगी नव्हती इथपासून त्रेपन्न शिक्क्यांपर्यंत. आत्या ऐकत होती आणि तिचा चेहरा हळूहळू बंद होत गेला.

"म्हणजे मी झोपले असताना माझ्या पायांचे फोटो काढलेस."

"हो."

"आणि ऑफिसात सगळ्यांना दाखवलेस."

"पाय म्हणून नाही गं, गेंडा म्हणून."

हे मी धीर द्यायला बोलले होते. माझ्याइतकं शहाणं माणूस शोधून सापडणार नाही.

"लोक गेंड्याची कातडी म्हणतात ते कोणाला, माहितीय ना तुला?" आत्या म्हणाली. "बुधवारपासून मी विचार करतेय, पोरगी माझ्या पायांकडे का बघतेय. वाटलं, कोणी पाहुणे यायचे असतील आणि हिला माझी लाज वाटत असेल. म्हणून घासत बसले. तुझी मान खाली जायला नको म्हणून." तिने पाय पुसले, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

शनिवारी आत्या मोजे घालून वावरत होती. भर उन्हाळ्यात, लोकरीचे. माझ्याशी बोलायचं ते पातेल्यांमार्फत. पातेलं जोरात आपटलं की चहा झाला. दोनदा आपटलं की ये आणि घेऊन जा. मला रडायला येत होतं आणि स्वतःच्या मुस्काटात मारावीशीही वाटत होती. जिने माझ्यासाठी पाय फोडून घेतले तिला मी विचारलंसुद्धा नव्हतं. दुपारपर्यंत माझं ठरलं. मी लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर आणून ठेवला.

"आत्या, मी सगळे फोटो पुसून टाकतेय. गेंडा गेला खड्ड्यात. तुझ्यासमोर पुसते म्हणजे तुझी खात्री पटेल. मला माफ कर."

आत्या ओट्याशी पाठ करून उभी होती. तिने गॅस बंद केला, हात पदराला पुसले. मग म्हणाली, "बघू तरी काय केलंयस ते."

ती चष्मा लावून माझ्या शेजारी बसली. मी गेंडा उघडला. तो उन्हात उभा होता, मान किंचित खाली. आत्याने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"म्हातारा आहे?"

"हो."

"बसतो का कधी?"

"फारसा नाही. उभाच असतो."

"मग बरोबर आहे," आत्या म्हणाली. एवढंच. पण मोज्यातला पाय तिने खुर्चीखालून पुढे घेतला हे मी बघितलं.

मग ती स्क्रीनच्या आणखी जवळ गेली आणि तिचा आवाज बदलला. लॉन्ड्रीत नव्या बायकांना शिकवताना असायचा तसा झाला. "हे चुकलंय तुझं. गुडघ्यावर आणि पाठीवर सारखंच कापड कसं लावलंस? कापड रोज जिथे दुमडतं तिथे विरतं. हा गुडघा वाकतो ना? मग भेगा आडव्या पाहिजेत. पाठ कुठे वाकतेय त्याची? तिथे बारीक, जाळीसारखं. आणि काखेत मऊ असू दे, तिथे ऊन पोचत नाही. एवढी शिकलीस आणि एवढं कळलं नाही?"

तीन वर्षांत भिंगबाईंना मला जे समजावता आलं नव्हतं ते आत्याने एका दमात सांगून टाकलं. मी वही काढली.

"आणि ही बेचकी," तिने बोट ठेवलं. "ही त्रेपन्न ठिकाणी? माझ्याकडे ही एकच आहे. एवढ्या जखमा झाल्या असत्या तर मेला असता बिचारा."

"जखम? मला वाटलं, भेगच आहे."

"भेग कसली? तुझं ते खेळण्यातलं पत्र्याचं इंजिन नव्हतं का, चाक तुटलेलं? कामावर सकाळची पाळी होती त्या दिवशी, घाईत निघाले आणि दारातच त्याच्यावर पाय पडला. तुला सांगितलं नाही. आधीच नवीन आली होतीस, रोज रडायचीस, त्यात हे कुठे. लॉन्ड्रीत पाण्यात उभं राहून ते काही नीट भरलं नाही, एवढंच."

मी तिच्या मोज्याकडे बघत राहिले.

"आता रडू नकोस," आत्या म्हणाली. "उजेड जाईल." आणि तिने डावा मोजा काढला.

शनिवारची उरलेली दुपार आणि अख्खा रविवार आम्ही फोटो काढले. उजवी टाच वजरीने खाल्ली होती, पण डावी शाबूत होती. शिवाय आत्याने स्वतःहून कोपर दिलं, बोटांची पेरं दिली, मानेची मागची बाजू दिली. एकदा लाज गेली म्हटल्यावर तिला आवरणं मुश्कील झालं. "हे गुडघ्याला चालेल का बघ," म्हणून ती मला घरभर हाका मारत होती. मध्येच शेजारीण साखर मागायला आली तर आत्याने तिचंही कोपर उजेडात धरून बघितलं आणि म्हणाली, "नको, हिचं फारच मऊ आहे. काम केलेलं दिसत नाही." शेजारीण साखर न घेताच गेली.

शेवटी एकच प्रश्न राहिला. "बेचकी कुठे ठेवू?" मी विचारलं. "पुसूनही टाकता येईल."

"पुसायची कशाला? मागच्या डाव्या पायाला, टाचेपाशी. जिथली तिथे. फक्त माझं नाव कुठे घालू नकोस."

सोमवारी भिंगबाईंनी गेंडा लांबून बघितला, जवळून बघितला, नाकाचे चार ठसे ठेवले आणि खुर्चीत मागे टेकल्या. "पास," त्या म्हणाल्या. मग डोळे बारीक करून पुन्हा पुढे झाल्या. "मागच्या पायाला हे काय?"

"जुनी जखम आहे. घरातल्या पिल्लाने वाटेत काहीतरी टाकलं होतं."

"मग पिल्लाला माहितीय?"

"आत्ताच कळलं," मी म्हणाले.

भिंगबाईंनी माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेने बघितलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. चकचकीतला गेंड्याचे डोळे दिले, आणि खरं सांगायचं तर त्याने ते असे ओले केले की मला त्याचा सगळा राग विसरावा लागला.

सिनेमा पुरा झाल्यावर ऑफिसच्या लोकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी दुपारचा एक खेळ ठेवला होता. आत्या नवी साडी नेसून, बंद बूट आणि मोजे घालून आली. पक्षी पाठीवरून चालू लागला तेव्हा तिने माझं मनगट धरलं आणि वीस सेकंदं सोडलं नाही. पुढच्या रांगेत एक लहान मुलगी आईला म्हणाली, "आई, त्याच्या पाठीला हात लावता येतो का गं?" मग असा एक प्रसंग आला जो मलाही माहीत नव्हता. भिंगबाईंनी तो मागाहून घातला होता. पाऊस पडत असतो, गेंड्याचं एक पिल्लू कुठे जावं ते न कळून फिरतं आणि शेवटी म्हाताऱ्याच्या मागच्या डाव्या पायाशी येऊन, बरोबर त्या बेचकीला गाल लावून झोपतं. म्हातारा रात्रभर तो पाय हलवत नाही.

"बघ," आत्या कुजबुजली. "कळतंय त्याला." ती नाक ओढत होती. मीही ओढत होते. मागून चकचकीतचं नाक सगळ्यांत मोठ्याने वाजत होतं.

बाहेर आलो तर दारापाशी गेंड्याचं भिंतीएवढं चित्र लावलं होतं आणि एक फोटोवाला एकेका घरच्यांना त्याच्यापुढे उभं करत होता. आमचा नंबर आला. मी सवयीनेच म्हणाले, "कमरेपर्यंतच घ्या हं."

"गप्प बैस," आत्या म्हणाली. ती तिथल्या बाकावर बसली, बूट काढले, मोजे काढले, नीट गुंडाळून बुटांत ठेवले आणि अनवाणी येऊन उभी राहिली. फोटोवाल्याला म्हणाली, "बाळा, पायांपासून घे. डोकं कापलं गेलं तरी चालेल."

"घेतो आजी, पण तुम्ही तर..."

कारण आत्या एव्हाना वळली होती. टाचा मागून दिसतात, त्याला ती तरी काय करणार?

तो फोटो आता आमच्या बाहेरच्या खोलीत लावलाय. मी समोर बघून हसते आहे, आत्या पाठमोरी, साडी घोट्यांच्या वर धरलेली, डावी टाच जरा उचललेली, आणि मागे भिंतभर गेंडा. येणारा प्रत्येक जण विचारतो, ही कोण? आत्या सांगते, "ती पुढची मी. आणि तो मागचा मोठा आहे ना, तोही मीच."